मानमोडीचे नाटक कोणी लिहिले नाही

२२ जून १८९७ ही तारीख मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. गणेशखिंडीचा रस्ता, रात्रीचा अंधार, रँडची बग्गी आणि चापेकर बंधू, सगळे एकदम डोळ्यांसमोर उभे राहते. ६ ऑक्टोबर १९१८ ही तारीख सांगितली तर मात्र कोणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. त्या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली होती. इन्फ्लुएंझाची साथ, जिला मराठीत मानमोडी म्हणत, तेव्हा ऐन भरात होती. पुढच्या काही आठवड्यांत ती वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात पसरली आणि तिने गावेच्या गावे आडवी केली.

पहिल्या तारखेवर चरित्रे आहेत, पोवाडे आहेत. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा चित्रपट तर तीच तारीख नाव म्हणून मिरवतो. दुसऱ्या तारखेवर सर्वांच्या तोंडी असलेले एकही मराठी नाटक मला आठवत नाही. हा फरक वाङ्मयेतिहासातली एक गंमत म्हणून सोडून देता येत नाही, असे मला वाटते. साथ येते तेव्हा माणसे आठवणीत असलेल्या गोष्टीप्रमाणे वागतात. सरकारही तसेच वागते. ज्या साथीची गोष्ट सांगितली गेली तिची तयारी आपण करून ठेवली, आणि जिची गोष्ट सांगितली गेली नाही तिच्यासमोर पुन्हा रिकाम्या हाताने उभे राहिलो. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

दोन साथी, दोन हिशेब

प्लेग मुंबईत आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. त्यानंतर तीन-साडेतीन दशके तो देशात ठाण मांडून होता आणि त्याच्या बळींची संख्या सव्वा कोटीच्या घरात सांगितली जाते. मानमोडीने साधारण तेवढीच माणसे १९१८ च्या उत्तरार्धातल्या काही महिन्यांत नेली. १९२१ च्या जनगणनेचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपासचा होता. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जले डेव्हिस यांनी तो एक कोटी पंच्याऐंशी लाखांपर्यंत नेला. अलीकडचे अभ्यासक या दोहोंच्या आगेमागे आकडे देतात. कुठलाही आकडा घेतला तरी जगातल्या कोणत्याही एका देशाची हानी याहून मोठी नव्हती, असेच बहुतेक अभ्यासक मानतात.

आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. जनगणनेच्या सगळ्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात ही घट जवळजवळ तीन टक्के होती. प्रांतवार पाहिले तर सर्वाधिक मृत्युदर मध्यप्रांत व वऱ्हाडाचा होता. म्हणजे आपण विदर्भातली माणसे ज्या मातीवर राहतो, तिथे या साथीने देशातला सर्वांत मोठा घाव घातला होता.

त्यात १९१८ चा पावसाळा फसलेला होता. महायुद्धाने महागाई आणलेली होती. खरीप हातचा गेला, चारा नाही, अंगात ताकद नाही, अशा स्थितीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरी लाट आली. हेच दिवस कापूस वेचणीचे आणि ज्वारी घरात आणण्याचे. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी होती. पणत्या लावायच्या त्याच आठवड्यांत घरोघर माणसे तापाने पडलेली होती. ही साथ म्हातारी आणि लेकरे यांच्यापुरती थांबली नाही. वीस ते चाळीस या कर्त्या वयातली माणसे तिने अधिक नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

खलनायक नसलेली गोष्ट

एवढे सगळे घडूनही आठवण का राहिली नाही? पहिले कारण नाट्यशास्त्राचे आहे. प्लेगच्या गोष्टीत खलनायक होता. दारात उभा राहिलेला गोरा सोजीर, देवघरात शिरलेले बूट, बाहेर फेकलेली भांडीकुंडी, बायकांची तपासणी आणि या सगळ्याचा धनी रँड. गोष्टीला अन्याय होता, सूड होता, फाशी होती. मानमोडीत यातले काहीच नव्हते. सरकार कोणाच्या घरात शिरले नाही. खेड्यांत तर ते फारसे फिरकलेच नाही. न येण्याचे नाटक लिहिणे अवघड असते.

दुसरे कारण कागदाचे. त्या काळी मृत्यूच्या नोंदवहीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे ठरावीक रकाने असत. गावपातळीवर नोंद करणारा माणूस वैद्य नव्हता. त्यामुळे मानमोडीचे बहुसंख्य बळी 'ताप' या रकान्यात गेले. हिवतापाने मेलेला आणि या साथीने मेलेला एकाच ओळीत बसला. जिला स्वतःचा रकाना नाही, तिची पात्रयादी कोण करणार? आज संशोधक जे आकडे मांडतात ते त्या वर्षी 'तापा'चे मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले हे मोजूनच काढलेले आहेत.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्लेगने माणसांना एक खूण दिली होती. घरात उंदीर पडला की गाव सोडायचे, शेतात झोपड्या घालून राहायचे, हे लोक अनुभवाने शिकले. हे शहाणपण सरकारी हुकुमापेक्षा उपयोगी होते. मानमोडीला अशी खूण नव्हती. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळे. लक्षण दिसायच्या आधीच तो शेजाऱ्याला आजार देऊन चुकलेला असे. प्लेगची गोष्ट ज्यांना पाठ होती त्यांना या साथीत काय करायचे हे त्या गोष्टीतून कळण्यासारखे नव्हते.

आठवणीतला कायदा

प्लेगच्या नाटकातून समाजाने प्रतिकार उचलला आणि सरकारने कायदा उचलला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा हा तपासणी, अलगीकरण आणि शिक्षा या तीन खांबांवर उभा आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच. सव्वाशे वर्षांनी रंगमंच तोच, नेपथ्य तेच: नाके, शिक्के, पोलीस, दारावरची पाटी. यातले काही आवश्यक होते हे मी नाकारत नाही. पण १८९७ चा कायदा रोगी कुठे आहे हे शोधायला शिकवतो. त्याच्या उशाशी कोण बसेल हे तो सांगत नाही.

लोकांची आठवणही सीमेभोवतीच फिरत राहिली. मरीआईचा गाडा ही आपल्याकडची साथीची सर्वांत जुनी नाट्यरचना. पटकी किंवा देवी आली की देवीची पूजा करायची, गाड्यात तिला बसवायचे, वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचे. त्यात सगळे गाव सामील असे आणि प्रत्येकाला काम असे. भेदरलेल्या गावाला एकत्र धरून ठेवायचे मोठे सामर्थ्य त्या विधीत होते. पण गाडा शिवेपलीकडे गेला म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत आला. मग त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा.

मी हे ढाणकीत बसून लिहितो आहे. उमरखेड तालुक्यातले हे गाव, पैनगंगेच्या खोऱ्यातले. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. १९१८ मध्ये अलीकडे इंग्रजी कारभाराखालचा वऱ्हाड होता आणि पलीकडे निजामाचे राज्य. दोन कारभार, दोन दप्तरे. पण सोयरीक, बाजार आणि देवदर्शन मात्र नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले. २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि पास काढल्याशिवाय पलीकडे जाता येईना, तेव्हा ही जुनी शीव पुन्हा जागी झाली. आजार बाहेरून येतो आणि त्याला बाहेरच अडवायचे, ही समजूत मरीआईच्या गाड्यापासून सरकारी नाक्यापर्यंत अखंड आहे. ती पुरती खोटी नाही. मार्च २०२० च्या मध्यात यवतमाळला सापडलेले पहिले रुग्ण दुबईच्या प्रवासाहून आलेले होते. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात लागली ती अमरावती-यवतमाळ या पट्ट्यात, आपल्याच दारात. शीव राखणाऱ्याने पाठीमागेही पाहायला हवे होते.

पडद्यावरची साथ

फ्लूची गोष्ट सांगण्याचा मोठा प्रयत्न झाला तो या शतकात आणि तोही परदेशात. त्याचा एक धागा आपल्या राज्यातून जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. भारतातला हा पहिलाच उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, अंड्या-चिकनचे भाव कोसळले, कुक्कुटपालनाचा धंदा बसला. सुदैवाने माणसांत तो आजार तेव्हा आला नाही. त्याच वर्षी ९ मे रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीने 'फेटल काँटॅक्ट: बर्ड फ्लू इन अमेरिका' हा दूरचित्रवाणी-चित्रपट दाखवला. हाँगकाँगहून परतलेला एक व्यापारी आजार घेऊन येतो आणि देश कोलमडतो, अशी ती कथा. लोकांत घबराट पसरेल या काळजीने तिथल्या आरोग्य खात्याला ही गोष्ट माहितीपट नाही, हे समजावणारी प्रेक्षक-मार्गदर्शिका काढावी लागली. त्याच मार्गदर्शिकेत खऱ्या तयारीची माहितीही होती. सरकारने एका नाटकाला तळटीप जोडली, असे म्हणता येईल.

२०११ मध्ये स्टीव्हन सोडरबर्ग यांचा 'कंटेजन' आला. इयन लिपकिन यांच्यासारखे विषाणुतज्ज्ञ त्याला सल्लागार होते. एका रुग्णापासून किती जणांना लागण होते, लस बनायला काय लागते, अफवा विकणारा कसा गबर होतो, हे सगळे त्यात होते. २०२० मध्ये जगभर लोकांनी तो पुन्हा शोधून पाहिला. त्याच २०११ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'झोंबी आले तर काय कराल' असा थट्टेखोर ब्लॉग-लेख प्रसिद्ध केला. पाणी, औषधे, कागदपत्रे, भेटण्याचे ठिकाण अशी झोंबीसाठीची यादी वादळासाठीही तीच असते, ही त्यातली मेख होती. लोकांची एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले.

अशा गोष्टींचा उपयोग होतो का? २०२० च्या साथीत अमेरिकेत कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी ३१० जणांना प्रश्न विचारून एक अभ्यास केला. प्रलय, झोंबी, परग्रहवासीयांचे आक्रमण अशा कथांचे शौकीन मनाने अधिक टिकून होते आणि आपली तयारी अधिक होती असे सांगत होते. ही माणसांनी स्वतःविषयी दिलेली उत्तरे आहेत, तेव्हा त्यांवर फार मोठा इमला बांधू नये. तरी एक गोष्ट पटते: जे मनाने एकदा पाहून ठेवले आहे, ते प्रत्यक्ष आल्यावर माणूस कमी गोठतो.

पण या चित्रपटांत एक खोटही असते. संकट आले की दुकाने लुटली जातात, माणूस माणसाला तुडवतो, असे ते दाखवतात, कारण पडदा भरायला गर्दी लागते. एन्रिको क्वारान्तेली यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी आयुष्यभर प्रत्यक्ष आपत्तींचा अभ्यास करून उलटे सांगितले: सैरावैरा घबराट क्वचित होते, बहुतेक लोक आधी शेजाऱ्याकडे धावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ढिगारे उपसायला लागलेले पहिले हात गावकऱ्यांचेच होते. गर्दीला घाबरणारे नाटक पाहून तयार झालेला अधिकारी पहिल्यांदा लाठी शोधतो. शेजाऱ्याला मदत करू इच्छिणाऱ्या माणसाला काय काम द्यायचे, हे त्याला कोणत्याच नाटकाने सांगितलेले नसते.

याला एक अपवाद मला फार आवडतो. २०१७ मध्ये बीबीसीने इंग्लंडमधल्या हॅझलमिअर या छोट्या शहरात एक लुटुपुटीची साथ रचली. गणितज्ञ हॅना फ्राय पहिली रुग्ण. ४६९ रहिवाशांच्या मोबाइलमधून तीन दिवस कोण कोणाच्या जवळ गेले हे टिपले गेले. आजार खोटा, पण माणसे, गल्ल्या आणि भेटी खऱ्या. दोन वर्षांनी कोविड आला तेव्हा रुग्णाच्या संपर्कातल्यांना शोधण्याचा उपयोग किती, हे तपासायला संशोधकांनी हीच माहिती वापरली. लहान गावाने स्वतःचेच नाटक केले आणि ते खऱ्या साथीत कामी आले.

पाणी कोण देणार?

आता १९१८ कडे परत जाऊ. त्या साथीवर औषध नव्हते, लस नव्हती. विषाणू नावाची वस्तू दिसलेलीही नव्हती. तरी सगळे मृत्यू अटळ नव्हते. घरातली सगळी माणसे एकदम पडली की चूल पेटत नसे, पाणी भरले जात नसे. तापातला माणूस पेज, दूध, पाणी आणि ऊब यांवाचून जातो. ते मिळाले तर पुष्कळदा वाचतो. मुंबईसारख्या शहरात स्वयंसेवी मंडळींनी वस्त्यावस्त्यांत जाऊन दूध, औषध आणि शुश्रूषा पोचवली, तिचे मोल म्हणूनच मोठे होते. खेड्यांत तशी मंडळी क्वचितच पोचली.

बायका अधिक का मेल्या याचे उत्तरही इथेच दडले असावे. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाईच. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणारीही तीच. आणि ती पडली की तिच्या उशाशी बसणारे घरात कोणी उरत नसे. मानमोडीचे नाटक लिहायचे तर त्याचा नायक या दारापासून त्या दारापर्यंत पाण्याची कळशी नेणारा माणूस असायला हवा. रँडसारखा खलनायक त्यात शोधून सापडणार नाही. संघर्ष एवढाच, की कळशी नेणारा स्वतः पडला तर पुढे कोण?

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी पाहत होते. काम मोठे होते. पण घोषवाक्यातला 'कुटुंब' हा शब्द १९१८ च्या कसोटीवर तोकडा पडतो, कारण फ्लूसारखी साथ कुटुंबच्या कुटुंब एकदम पाडते. आमच्या भागात तर तांड्या-वाड्यांवरची कर्ती माणसे हंगामात कामाला बाहेरगावी असतात, शिकलेली मुले पुण्या-मुंबईत असतात आणि घरी दोन म्हातारी माणसे उरतात. त्यांच्यासाठी शेजार हाच आरोग्य खात्याचा पहिला कर्मचारी आहे.

हे सांगायला आपल्याकडे कला नाही असे नाही. वऱ्हाडनेच एक विलक्षण नमुना दिला आहे. गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. श्रोता तिथे नुसता प्रेक्षक राहत नसे. कीर्तन ऐकण्याआधीच त्याने रस्ता झाडलेला असे. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्थान दिले, ते याच परंपरेतले. दंडार आणि खडी गंमत यांतही प्रेक्षकाशी थेट बोलण्याची, त्याला खेळात ओढण्याची सोय आहे. कोट्यवधींच्या चित्रपटाला जे जमत नाही ते या प्रकारांना फुकट जमते: गावातल्या खऱ्या गल्ल्या, खरी घरे आणि खरी नाती खेळात आणता येतात.

अडचण वेळेची आहे. साथ आली की सर्वांत आधी बंद होते ते नाट्यगृह. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्या-मुंबईत चित्रपटगृहे आणि शाळा काही दिवस बंद झाल्या. मार्च २०२० मध्ये पडदे पडले ते ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, अर्ध्या आसनांसह उघडायची परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. साथीचे नाटक साथीत करता येत नाही. ते आधी, सगळे धडधाकट असताना, लोक 'आता कशाला हा विषय' म्हणत असतानाच करावे लागते.

इतिहासाचा अभ्यासक नाटक लिहून देऊ शकत नाही, पण त्यात कोणते प्रश्न असावेत हे त्याने सांगावे. ढाणकीच्या बाजारात असा खेळ झाला तर त्यात श्रोत्यांना चार गोष्टी विचारल्या जाव्यात. तुमच्या गल्लीत एकटी राहणारी माणसे किती, त्यांची नावे घ्या. तुमचे सगळे घर आठ दिवस पडले तर दारात पाणी आणि भाकरी ठेवणारे दुसरे घर कोणते, आणि ते पडले तर तिसरे कोणते. तोंडाला काय बांधून, किती अंतरावरून आणि किती वेळ आजाऱ्याजवळ बसायचे. आणि घरातली बाई पडली तर पेज कोणाला करता येते, त्याने हात वर करावा.

शेवटच्या प्रश्नाला हशा पिकेल. पिकू द्यावा. हसता हसता जे चार-दोन पुरुष हात वर करतील, त्यांची नावे तिथेच लिहून घ्यावीत.